आमचं आम्ही बघू

भारतात शिकार बंद झाली ती १९७२ साली. वन्यजीव संरक्षण कायदा आला, बंदुका भिंतीवर गेल्या आणि वाघांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. शिकारी मात्र बंद झाला नाही. त्यानं फक्त हत्यार बदललं. पूर्वी त्याच्या खांद्यावर दुनळी असायची, आता दीड हात लांबीची लेन्स असते. बारा खिशांचं जाकीट तेच, पहाटे चारला घर उठवून चहा मागणं तेच, आणि संध्याकाळी परतल्यावर ‘अगदी थोडक्यात हुकलं’ हे वाक्यही तेच. फरक एवढाच, की पूर्वी नेम लागला तर जनावर मरायचं. आता नेम लागला तर जनावर वाचतं आणि नातेवाईक मरतात, कारण साडेचारशे फोटो त्यांना बघावे लागतात.

आमचे साडू या नव्या पिढीतले शिकारी. मुक्काम कोथरूड. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक लेन्स घेतली, तिची किंमत बायकोला एक शून्य कमी करून सांगितली आणि तेव्हापासून त्या शून्याची भरपाई ते जंगलात करत असतात. ताडोब्याचे वाघ झाले, भिगवणचे रोहित झाले. यंदा जानेवारीत त्यांचा फोन आला, ‘काळवीट राहिलंय. तुमच्याकडे आहेत ना?’

आमच्याकडे आहेत! अहो, सोलापूरच्या माणसाला काळविटाचं कौतुक ते किती असणार? बार्शी रस्त्यानं वीस-बावीस किलोमीटर गेलं की नान्नज. तिथल्या माळावर काळविटांचे कळपच्या कळप. एसटीच्या खिडकीतून दिसतात, आणि एसटीतली माणसं मान वळवायची तसदीही घेत नाहीत. मी साडूंना म्हटलं, नान्नजला जाऊन काळवीट न दिसणं म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत जाऊन माणूस न दिसण्यासारखं आहे. डोळे उघडे ठेवले की झालं.

‘नुसतं दिसून चालत नाही,’ साडू म्हणाले. ‘नर पाहिजे. काळा कुळकुळीत. शिंगांना चार पीळ. मागे सूर्य मावळताना. आणि उडी मारताना.’

वधूसंशोधनातसुद्धा इतक्या अटी मी ऐकल्या नव्हत्या. मी म्हटलं, मग एखादा गाईड घेऊ. गावात माहीतगार पोरं असतात, त्यांना कळप कुठे उठतो, कुठे बसतो सगळं ठाऊक असतं.

‘गाईड?’ साडूंचा आवाज दुखावला. ‘गाईड घेतला की फोटो त्याचा होतो. बटण तेवढं आपलं. आमचं आम्ही बघू.’

या बाणेदारपणाचं मूळ डेन्व्हरला होतं. साडूंचा मुलगा तिकडे नोकरीला आहे. त्याच्या कचेरीतला एक गोरा गृहस्थ दर हिवाळ्याच्या तोंडाला एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा तिकडचा थोरला चुलतभाऊ. नर तीनशे किलोच्या पुढचा. कोलोराडो राज्यात हे एल्क लाखांनी आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. तिथली तऱ्हा अशी की जनावर सरकारचं, म्हणून परवान्याचे पैसे सरकारला. कुरण मालकाचं, म्हणून फाटक उघडण्याचे पैसे मालकाला. वाटाड्या घ्यायचा तर त्याचे पैसे वेगळे, आणि ते या दोन्हींच्या कितीतरी पट. म्हणून काटकसरी लोक वाटाड्या घेत नाहीत. मालक फाटकाची किल्ली देतो, हातानं डोंगर दाखवतो आणि घरी जाऊन टीव्ही लावतो. पुढचं तुमचं तुम्ही बघायचं.

त्या गृहस्थानंही तसंच केलं. आठवडाभर थंडीत तंबू ठोकून बसला. माजावर आलेल्या एल्कच्या शिट्टीची नक्कल करायची एक नळी मिळते, ती पहाटे उठून फुंकायचा. पलीकडच्या टेकडीवरून हुबेहूब उत्तर यायचं. चौथ्या दिवशी दोघांची गाठ पडली, तेव्हा पलीकडेही असाच एक नळी घेतलेला गृहस्थ निघाला. एल्क शेजारच्या कुरणात होते. त्या कुरणाचं भाडं त्यानं भरलं नव्हतं.

शहाण्या माणसानं या कथेतून काय घ्यावं ते उघड आहे. साडूंनी त्यातून ‘खासगी रान’ आणि ‘वाटाड्या नको’ एवढंच घेतलं.

खरं तर आपल्या मुलखात वाटाड्याशिवाय शिकार करायची रीतच नव्हती. कोल्हापूर दरबारची चित्त्यांकडून करवायची काळविटांची शिकार प्रसिद्ध होती. आपल्याकडचे चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणवले, पण शिकार थांबू दिली नाही. चित्ता म्हणजे जमिनीवरचा सर्वांत वेगवान प्राणी, आणि काळवीट हे त्याचं पिढीजात खाद्य. इतका अधिकार असूनही त्याला कुणी मोकळा सोडत नसे. चित्तेवान त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधत, बैलगाडीत बसवत, गाडी कळपाच्या जवळ नेत, मग पट्टी काढून त्याला समोर बोट दाखवत, की बाबा, ते बघ काळवीट. साक्षात चित्त्याला गाईड लागत होता. कोथरूडला लागत नव्हता.

बैलगाडीचं कारण असं, की माळावरची जनावरं पायी माणसाला लांबूनच ओळखतात आणि दूर जातात, पण बैलगाडीला बुजत नाहीत. पिढ्यान् पिढ्या त्यांनी ती पाहिलेली. माळढोकाचंही तेच. नगर जिल्ह्यात रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रजानं १८०९ ते १८२९ या काळात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. वीस वर्षं, आठवड्याला जवळजवळ एक, आणि हिशेब ठेवलेला! हल्ली अख्ख्या भारतात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत असं सांगतात, तेही बहुतेक जैसलमेरकडे. नान्नजच्या गणनेत कधी एखादा सापडतो, कधी तोही नाही.

त्या माळढोकासाठी १९७९ साली आमच्याकडे अभयारण्य झालं. आकार ८,४९६ चौरस किलोमीटर. आकडा नुसता वाचून कळत नाही, म्हणून सांगतो. अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे दोन गोवे त्यात ठेवले तरी वर हजारभर चौरस किलोमीटर माळ शिल्लक राहावा. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके या अभयारण्यात आले. त्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, एसटी स्टँड आले, कचेऱ्या आल्या. माळढोकापेक्षा तलाठी जास्त असलेलं असं अभयारण्य जगात दुसरं नसावं. आणि माळ तर बहुतेक शेतकऱ्यांच्या मालकीचा. त्यामुळे जमीन विकायची तर माळढोक आडवा, काही बांधायचं तर माळढोक आडवा. ज्या पक्ष्याला आयुष्यात पाहिलं नाही, त्यानं आपला व्यवहार अडवलाय, ही भावना घेऊन दोन पिढ्या जगल्या. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. सुटलेल्या रानांनी हुश्श केलं. माळढोकाला कुणी विचारलं नाही. विचारायचं तर आधी तो सापडायला हवा.

हे सगळं मी साडूंना गाडीत सांगत होतो. ते ‘हं, हं’ करत लेन्स पुसत होते.

त्यांच्या जुन्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याचे काका नान्नज आणि मार्डीच्या मध्ये कुठंतरी शेती करतात. या सहकाऱ्यानं सांगून ठेवलं होतं, ‘आमच्या काकांच्या रानात हरणांनी नुसता उच्छाद मांडलाय. हरभरा म्हणून ठेवत नाहीत. बांधावर बसा, दिवसभर फोटो काढा.’ अभयारण्यात गेलं की वेळेचं बंधन, नोंदणी, शिवाय वाटाड्या गळ्यात. इथे फाटक नाही, भाडं नाही, उलट वर हुरडा. कोलोराडोच्या गोऱ्यापेक्षा आपला सौदा सरस पडल्याच्या आनंदात साडू होते.

त्यांचा पोशाख मात्र कोलोराडोचाच होता. मुलानं पाठवलेला. झाडीत मिसळून जाण्यासाठी गर्द हिरव्या पानांचे ठिपके असलेलं जाकीट, तशीच विजार, तशीच टोपी. देवदाराच्या जंगलात हा माणूस हाताच्या अंतरावरून दिसला नसता. पण जानेवारीतला सोलापूरचा माळ! पवन्या वाळलेला, कुसळी वाळलेली, मारवेल वाळलेलं, क्षितिजापर्यंत एकच भुरा पिवळा रंग. त्या पार्श्वभूमीवर साडू गाडीतून उतरले तेव्हा पंचक्रोशीतली सर्वांत हिरवी गोष्ट तेच होते. पहिली दखल शेरडांनी घेतली. रस्त्याकडेला चरणारा एक कळप माना वर करून बघत राहिला, आणि मग त्यातल्या काही होतकरू शेळ्या आमच्या मागून चालू लागल्या.

नान्नजला चहाला थांबलो. तिथे साडूंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘काळवीट दिसतात का हो इकडं?’

‘दिसत्यात म्हंजे? कालच हितं रस्त्यावर हुती.’

हे ‘कालच’ पुढे दिवसभर आम्हाला भेटत राहिलं. पुढच्या वळणावरच्या मेंढपाळानं काल सकाळी तीस-चाळीस पाहिली होती. मोटारसायकलवरच्या पोरानं काल संध्याकाळी. देवळाच्या कट्ट्यावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीही कालच पाहिली होती, पण जरा खोदून विचारल्यावर त्यांच्या कालमध्ये बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी आणि खडी फोडण्याचं काम आलं. लांडगाही कालचाच, खोकडही कालचंच. आज कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. शिकाऱ्याच्या नशिबात वर्तमानकाळ नसतो, एवढं माझ्या ध्यानात आलं. साडूंच्या आलं नाही. प्रत्येक ‘कालच’नंतर त्यांचा उत्साह वाढत होता.

काकांनी चांगलं स्वागत केलं. रान छान होतं. एका अंगाला द्राक्षबाग. नान्नजच्याच काळे मंडळींनी सोनाका आणि शरद सीडलेस हे द्राक्षांचे वाण काढले, तेव्हापासून या कोरडवाहू भागात द्राक्षाची हिंमत आली आहे. दुसऱ्या अंगाला ज्वारी, मधे हरभरा. हरभरा गुडघ्याला लागत होता, गच्च, हिरवागार, घाट्यांनी लगडलेला.

मला तिथेच शंका यायला हवी होती असं नव्हे, आलीच. ज्या हरभऱ्यात हरणांनी उच्छाद मांडलाय तो असा दिसत नाही. पण पाहुण्यानं पहिल्याच भेटीत यजमानाच्या पिकावर संशय घेणं बरं नव्हे.

‘बंदूक न्हाय ना आणली?’ काकांनी लेन्सच्या पिशवीकडे बघत विचारलं. ‘जोधपूरचं ठाव हाय न्हवं? अठ्ठ्याण्णव साली मारलं, आन् दोन हजार अठराला पाच वर्सं सुनावली. काळविटाचा गुन्हा म्हातारा हुत न्हाय.’

साडूंनी कॅमेरा काढून दाखवला. काकांनी तो हातात घेऊन वजन केलं आणि सन्मानानं परत दिला.

खोपीजवळ आगटी पेटवलेली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसं भाजत होती. पांढरी टोपी घातलेला पस्तिशीचा एक गृहस्थ गरम कणसं तळहातांवर चोळून हुरडा काढत होता आणि फुंकर मारून कोंडा उडवत होता. काकांनी त्याची ओळख ‘आपलंच गाववालं’ एवढीच करून दिली. शेंगाचटणी, गूळ, वर ताक. गुळभेंडीचा हुरडा तोंडात असताना माणूस सहसा भविष्याची चिंता करत नाही.

‘कुणाला बरोबर देऊ का?’ काकांनी विचारलं. ‘रान दावायला?’

‘छे, छे,’ साडू म्हणाले. ‘गाईड वगैरे अजिबात नको. आमचं आम्ही बघू. तीच तर मजा आहे.’

पांढऱ्या टोपीनं एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि पुढचं कणीस घेतलं.

बांधाकडे निघालो तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती लुगडी. हरभऱ्याच्या चारी बाजूंनी मेढी रोवून त्यांना जुन्या साड्या ताणून बांधलेल्या. लाल, जांभळ्या, मोरपंखी, एक तर जरीच्या काठाची. उभं पीक वाचवायला सगळ्या महाराष्ट्रात हा उपाय करतात. वाऱ्यानं साडी हलली की जनावराला आत माणूस असल्यासारखं वाटतं. दुसरी गोष्ट दिसली बुजगावणं, आणि ते एक नव्हतं, चार कोपऱ्यांना चार होती. तिसरी गोष्ट दिसली नाही, ऐकू आली. शेताच्या मधोमध एका वाशावर भोंगा होता, त्याखाली सौरपट्टी आणि बॅटरी. दर थोड्या वेळानं तो भोंगा खणखणीत मर्दानी आवाजात ओरडायचा, ‘ए हाऽऽड! हो हो हो! धर रं त्येला!’ मग कुत्रं भुंकायचं. मग फटाका वाजायचा. मग शांतता.

‘हे कधीपासून?’ साडूंनी क्षीण आवाजात विचारलं.

‘दिवाळीपास्नं,’ काका अभिमानानं म्हणाले. ‘दोन वर्सं हरभरा पार खाल्ला, साहेब. पुतण्याला मी रडून फोनवर सांगितलं हुतं तवा. मग हे बसवलं. आवाज आमच्या चुलत्याचा हाय. लई दांडगा आवाज. चुलतं वारलं मागल्या साली, पर हरणांला अजून ठाव न्हाय. एक शिरत न्हाय बघा आता. एक म्हंजे एक न्हाय.’

तर परिस्थिती अशी होती. सोलापूर जिल्ह्यात जिथे काळवीट हमखास येणार नाही अशी एकमेव जागा पुतण्यानं शोधून दिली होती, आणि तिथे आम्ही पुण्याहून आणलेली सहा लाखांची, किंवा साडूंच्या पत्नीच्या समजुतीप्रमाणे साठ हजारांची, लेन्स घेऊन आलो होतो. काकांचाही दोष नव्हता. या धंद्यात जनावर सरकारचं, जमीन शेतकऱ्याची आणि पीक ज्याचं तोंड आधी लागेल त्याचं. काकांनी फक्त तोंडांचा क्रम बदलला होता.

‘भोंगा थोडा वेळ बंद ठेवता येईल का?’

‘ठिवतो की,’ काका म्हणाले. ‘पर एक काम करा. फोटू निघाला, तर मला बी द्या. हरभऱ्यात तोंड घातलेला पायजे. नुकसानभरपाईचा पंचनामा करताना लई विचारत्यात, हरणं आलती कशावरनं. फोटू काढाय गेलो की पळत्यात. मागच्या दोन सालाचं एकदम लावून टाकतो.’

साडूंना आयुष्यात प्रथमच कुणीतरी फोटो मागितला होता. ते नव्या उमेदीनं बोरीच्या आडोशाला बसले.

शिकाऱ्याच्या धीराविषयी बरंच लिहिलं गेलं आहे, पण ते सगळं कुसळ नसलेल्या देशांतल्या लोकांनी लिहिलंय. कुसळीचं बी टोकदार असतं आणि ओल लागली की पीळ सोडून आत घुसतं. निसर्गानं ती व्यवस्था जमिनीत रुजण्यासाठी केली, पण मोज्यातही ते तितक्याच निष्ठेनं रुजतं. मोज्यातून ते विजारीत गेलं. कोलोराडोच्या कापडाचा त्याला प्रतिबंध नव्हता. मी एक उपटायचो, साडू दोन उपटायचे, आणि या हालचालीनं आमचा आडोसा दर मिनिटाला थरथरत होता.

बाकी माळ काही रिकामा नव्हता. चंडोल उभा आकाशात चढत होता आणि गाणं संपवून दगड पडावा तसा खाली येत होता. भोरड्यांचा एक थवा ज्वारीवर उतरला आणि गोफणीच्या आवाजानं उठला. एक भोवत्या आला. मध्य आशियातून हिवाळ्यापुरता येणारा हा शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांना पोट घासत, एका लयीत, आमच्या इतक्या जवळून गेला की त्याचे पिवळे डोळे दिसले.

‘भोवत्या,’ मी कुजबुजलो.

‘आज भोवत्या नको,’ साडू म्हणाले. ‘कार्डात जागा ठेवायचीय.’

चारच्या सुमारास त्यांनी माझा दंड धरला. समोर, दोन शेतं पलीकडे, ज्वारीच्या कडेला काहीतरी काळं होतं. कुळकुळीत काळं, जमिनीपासून कमरेएवढं उंच, अगदी स्थिर. साडूंचा श्वास बदलला. लेन्स वर गेली. खटखटखटखट असा आवाज सुरू झाला.

‘नर आहे,’ ते दातांतल्या दातांत म्हणाले. ‘मान खाली घातलीय. पीळ दिसतायत. एक, दोन, तीन, चार, पाच.’

‘पाच?’

‘सहा! सात! अहो, हा तर विक्रम आहे!’

आठव्या पिळाला मी दुर्बीण लावली. मेढीला अडकवून ठेवलेलं ठिबकच्या नळीचं वेटोळं होतं ते. काळं, नवंकोरं, आणि पीळ मोजायला बसलं तर शंभराच्या आसपास भरले असते.

साडू बराच वेळ बोलले नाहीत. मग ते उठले आणि ‘आता माग काढू’ म्हणाले. माग लगेच सापडला. बांधाखाली, एकाच जागी, लेंड्यांचा ढीग. साडू गुडघ्यांवर बसले. काळविटाचा नर आपल्या हद्दीत ठरावीक जागी लेंड्या टाकून मालकी सांगतो, हे त्यांनी वाचलेलं होतं आणि ते खरंही आहे. ताज्या होत्या. त्यांनी निरनिराळ्या कोनांतून त्यांचे फोटो काढले, मापासाठी शेजारी पेन ठेवून. नर इथेच आहे, आत्ता होता, आपल्यावर नजर ठेवून आहे, अशी त्यांची खात्री पटत गेली. नजर ठेवून होतं हेही खरं. मागे वळून पाहिलं, तर सकाळच्या त्या होतकरू शेळ्या त्यांच्या जाकिटाकडे एकटक बघत उभ्या होत्या, आणि त्यातली एक साडूंच्या डोळ्यांदेखत मालकी सांगत होती.

शेवटी काकाच आले. ‘असं करा,’ त्यांनी बांधापलीकडे हात केला. ‘त्या रानात जावा. लई हायत तिकडं. माझी सगळी तिकडंच गेली.’

‘तुम्ही येता?’

‘मी? मी न्हाय जात त्या बांधावर.’

बांध कुणाच्या बाजूला किती सरकला, यावर दोन्ही घरांत आजोबांपासून दावा होता. आम्ही एकटेच गेलो. पलीकडचे शेतकरी करड्या मिशांचे. त्यांच्या हरभऱ्याची अवस्था पाहूनच उच्छाद म्हणजे काय ते कळत होतं. नुसते बुडखे उरले होते.

‘काय हुडकायलाव?’

साडूंनी नम्रपणे काळवीट म्हटलं.

‘त्याच्याकडनं आलाव न्हवं?’ मिशा थरथरल्या. ‘मग त्याला सांगा जाऊन, त्याची हरणं त्यानं घेऊन जावी. भोंगा लावून समदी माझ्या अंगावर घातली त्यानं. फोटू पायजे तर त्याच्या बाजूला हुभं ऱ्हावून काढा. माझ्या रानात पाय ठिवायचा न्हाय.’

‘पण आहेत कुठे ती?’ साडू बांधावरूनच ओरडले.

‘आत्ता कुठली? पोरानं फटाकं वाजवलं दुपारी. गेली सरकारात.’

सरकारात म्हणजे अभयारण्यात. डेन्व्हरच्या गोऱ्याची आणि आमची परिस्थिती आता तंतोतंत जुळली होती. जनावरं शेजारच्या कुरणात होती, आणि त्या कुरणाची पावती आमच्याकडे नव्हती. गाडी काढून धुरळा उडवत आम्ही तिकडे गेलो, पण वेळ संपत आलेली. दारावरच्या वनरक्षकानं घड्याळाकडे पाहिलं, साडूंच्या हिरव्या पोशाखाकडे पाहिलं, आणि आत सोडायला नकार दिला. तोंडानं मात्र तो फार गोड होता.

‘उद्या सकाळी या. आन् एकटं फिरू नका, कुणाला तरी बरोबर घ्या. आमच्याकडं पोरं हायत चांगली. त्यातला एक तर असला तयार हाय, की डोळं झाकून नराम्होरं नेऊन हुभा करतो. ते बघा, तुमच्या मागूनच आला.’

आम्ही वळून पाहिलं. मोटारसायकलवरून पांढरी टोपी उतरत होती. काकांकडे विसरलेली साडूंची पाण्याची बाटली द्यायला तो मागोमाग आला होता. खिशात अजून हुरडा होता. एक मूठ त्यानं वनरक्षकाला दिली, एक स्वतःच्या तोंडात टाकली.

‘तुम्ही गाईड आहात?’ साडूंचा आवाज चिरकला.

‘व्हय.’

‘मग दिवसभर आमच्यासमोर बसून तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत?’

‘तुमीच म्हणालाव, गाईड नको, आमचं आमी बघू. मग मी कसं बोलावं?’ त्यानं शांतपणे चावून घेतलं. ‘पाव्हण्याची मजा कशाला घालवायची?’

साडूंनी बाटली घेतली. झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

‘बरं, ते जाऊ द्या. निदान एवढं तरी सांगा, दुपारी आम्ही त्या बोरीखाली बसलो होतो, तेव्हा हरणं होती कुठे?’

गाईडनं टोपी सारखी केली, वनरक्षकाकडे पाहिलं, मग साडूंकडे पाहिलं.

‘ते सांगितलं तर गाईड केल्यासारखं हुईल की, साहेब.’